पेकाट आलं कुठून?

कुरणगडच्या बाळराजांनी भर पंगतीत पाहुण्या सरदाराला "पेकाटात लाथ घालीन" असं सुनावलं आणि सरकारांचं चित्त थाऱ्यावर राहीना. असला शब्द राजघराण्यात शिरला कुठून? बाळराजे रोज सकाळी सरकारांबरोबर पागेच्या पाहणीला जात, म्हणून सरकारांनी पागेतली सारी माणसं समोर उभी केली आणि येरझारा घालू लागले.

"हा शब्द तुमच्यातलाच. कोणी शिकवला ते सांगा, नाहीतर आजच्या आज संस्थान सोडा."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. पागेदाराची आई तुळसाक्का तेवढी पुढे आली.

"सरकार, आम्ही लाथा खाणारी माणसं. दुखलं की आम्ही म्हणतो, आई गं, कंबर गेली. स्वतःच्या कमरेला पेकाट कोण म्हणेल? पेकाट म्हणतो तो लाथ घालणारा."

"मग पागेत लाथा कोण घालतं?" सरकार गरजले.

"घोडी घालतात की," तुळसाक्का म्हणाली, "पण ती बोलत नाहीत."

सरकारांची येरझार अर्ध्यातच थांबली. शेजारी उभे असलेले बाळराजे त्यांच्या जोड्यांकडे बघत होते.