गाडी चोरण्याची आज्ञा

एकदा एका अंड्यांच्या व्यापाऱ्याने एक जुनी पिकअप गाडी विकत घेतली. घेतली ती स्वतःच्या पारखीवर मात्र नव्हे. घाटाच्या पायथ्याशी एका वृद्ध वस्तादांचे गॅरेज होते आणि त्यांचा एक शिष्य होता, तिशी ओलांडलेला, हाताला चांगले वळण असलेला. त्या शिष्याने गाडी फिरवून पाहिली, इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, "शेठ, डोळे झाकून घ्या." व्यापाऱ्याने खरोखरच डोळे झाकले. अशा वेळी निदान एक डोळा उघडा ठेवावा असे माझे मत आहे. पण दृष्टांतातली माणसे आपले ऐकत नाहीत.

महिनाभरात गाडीने आपले गुण दाखवले. सपाटीवर ती शहाण्यासारखी धावे. घाटाची चढण लागली की मध्येच दम सोडी, शेठनी कितीही पाय दाबला तरी ढिम्म, आणि मग एकाएकी हिसका देऊन पुन्हा निघे. शेठ गाडीत बसलेले असताना उभ्या जागीही इंजिन थंडी भरल्यासारखे थरथरे. गाडीत सिमेंट असते तर एक वेळ निभावले असते. गाडीत अंडी होती. फुटलेली टाकवत नाहीत, म्हणून शेठच्या घरी दोन्ही वेळा आम्लेट होऊ लागले. अखेर त्यांच्या पत्नीने शांतपणे सांगितले, की आता ही गाडी तरी जाईल, नाहीतर मी माहेरी जाईन.

शिष्याने प्लग बदलले, फिल्टर बदलले, पेट्रोलचा पंप उतरवून तपासला. प्रत्येक दुरुस्तीनंतर तो स्वतः गाडी घाटात घेऊन जाई, आणि गाडी त्याच्या हाती कुरकुर न करता माथ्यावर पोहोचे. दुसऱ्या दिवशी शेठ बसले, की पुन्हा तेच रडगाणे. गाडीला माणसे ओळखता येत असावीत, अशी शंका शिष्याला येऊ लागली.

शेवटी एके दिवशी व्यापारी आला तो रागावला नाही. नुसता म्हणाला, "जाऊ द्या मिस्त्री. येत्या बाजाराला विकून टाकतो. तुम्ही सांगितलं म्हणून घेतली होती."

शिव्या दिल्या असत्या तर शिष्याला सोसल्या असत्या. हे वाक्य मात्र जिव्हारी लागले. तो वस्तादांकडे जाऊन बसला आणि म्हणाला, "वस्ताद, माझ्या शब्दाची किंमत गेली. यापुढे कुणालाही गाडी सुचवायची नाही. कुणी विचारलंच तर सांगेन, मला त्यातलं कळत नाही."

वस्ताद चहा पीत होते. त्यांनी विचारले, "गाडी आधी कुणाची होती?"

"होते एक गृहस्थ. माणूस भला, पण फार धास्तावलेला. स्टेपनीला साखळी, पेट्रोलच्या झाकणाला कुलूप. गाडी पुसायचं फडकंसुद्धा दाराला सुतळीनं बांधलेलं."

वस्तादांनी उरलेला चहा संपवला, गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि आज्ञा केली, "आता ही गाडी चोर."

बाकावर टेकलेला व्यापारी जागचा उठला. "वस्ताद, मी विकायचं म्हणत होतो."

"विकाल हो शेठ. आधी त्याला चोरू तर द्या."

गुरूची आज्ञा, तीही भर दुपारी आणि मालकाच्या डोळ्यांदेखत. शिष्य लाजत लाजत गाडीत शिरला. आजवर तो या गाडीकडे मेकॅनिक म्हणून आला होता, आणि मेकॅनिक बॉनेट उघडतो. चोराला तेवढी सवड कुठली? चोर स्टिअरिंगखाली आडवा होतो. शिष्य आडवा झाला, खालचे झाकण काढले, किल्लीमागच्या तारा ओढून जुळवल्या. इंजिन सुरू झाले. बाहेर शेठचा जीव वरखाली होत होता. शिष्याने अंग सावरायला कोपर मागे सीटखाली टेकले, आणि इंजिन थरथरले. कोपर आणखी दाबले, इंजिन बंद पडायच्या बेताला आले. कोपर उचलले, इंजिन पुन्हा सुरळीत गुणगुणू लागले.

त्याने सीटखाली हात घातला. धुळीने माखलेले एक छोटे बटण तिथे बसवलेले होते आणि त्यातून एक तार निघून पेट्रोलच्या पंपाच्या तारेला मिळाली होती. ते चोरबटण होते. बंद केले की पंपाची वीज तुटावी आणि चोराला गाडी नेता येऊ नये, म्हणून बसवलेले. आता त्याचा सांधा गंजून सैल झाला होता आणि वरच्या सीटच्या स्प्रिंगा बसल्या होत्या. शिष्य सडपातळ. शेठ मात्र अंड्यांच्या धंद्याला शोभतील असे भरलेले. चढणीवर ते मागे रेलले, की सीट त्या बटणावर टेके आणि गाडीचा घसा दाबला जाई.

शिष्य बाहेर आला तो हसतच. शेठनीही स्वतःच्या पोटाकडे एकदा पाहिले आणि तेही हसू लागले.

वस्ताद म्हणाले, "त्या गृहस्थांना फोन लाव." शिष्याने लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा, आणि बटणाचे विचारले. पलीकडचा म्हातारा आवाज बराच वेळ आठवत राहिला.

"हां, बटण. आमच्या गल्लीतून एक स्कूटर चोरीला गेली होती, तेव्हा बसवलं होतं. पुढे विसरूनच गेलो बघा."

"मग काका, गाडी विकली कशासाठी?"

"घाटात अडखळायला लागली हो. कुणाला कारण सापडेना. विकताना जिवावर आलं होतं. फार जीव होता माझा तिच्यावर." मग आवाजाने विचारले, "आता चालते ना नीट?"

"चालते, काका."

"मग बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याला खरेच बरे वाटले होते.

फोन ठेवल्यावर वस्ताद म्हणाले, "पाहिलंस? चोर कधी आलाच नाही. गाडी गेली ती बंदोबस्तामुळे. भीती वाटण्यात चूक काही नाही. पण ती वाटते, निघून जाते, आणि तिने बसवलेलं बटण आत राहतं. माणूस ते विसरतो आणि आपण का अडखळतो, हे जन्मभर इंजिनात शोधत बसतो."

शिष्याने ती तार काढली आणि पंपाचा सांधा पक्का केला. मग वस्ताद आणि शेठ पुढे, शिष्य मागे ट्रे धरून, अशी गाडी घाटात निघाली. शेठ मुद्दाम मागे रेलून, पूर्ण भार टाकून चालवत होते. गाडी एका दमात माथ्यावर गेली. एकच अंडे फुटले, तेही गाडीतून उतरल्यावर शेठनी आनंदाच्या भरात शिष्याला मिठी मारली तेव्हा. ते त्याच्या खिशात होते.

माथ्यावरच्या एका दुकानदाराने हे सारे पाहिले. शिष्य खिसा धूत असताना तो जवळ आला. "मिस्त्री, मलाही एक जुनी गाडी घ्यायची आहे. बघून द्याल का?"

शिष्याच्या ओठांवर उत्तर तयार होते : मला त्यातलं कळत नाही. ते बाहेर पडणार, एवढ्यात त्याला आपल्याच सीटखाली काहीतरी टोचल्यासारखे वाटले. तो मोकळा हसला.

"बघू की," तो म्हणाला. "फक्त चालवायची तुम्ही. मी शेजारी बसेन."