विद्युल्लतेचे थांबे

आगगाड्या आणि स्टेशनं एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. राजधानीहून बंदरापर्यंत न थांबता धावायला विद्युल्लता नावाची गाडी आली. संध्याकाळची बोट गाठायची म्हणून प्रवासी तिच्यात बसले.

वाटेत बोरखडी स्टेशन रुसून म्हणालं, "आमच्याकडे थांबत नाहीस, असं आम्ही काय पाप केलंय?" ती बिचारी थांबली. ते बघून आंबतळे अडून बसलं, मग पुढची सगळीच.

"अहो, मग मी धावू तरी कधी?" गाडी वैतागून ओरडली.

"इतरांकडे नको थांबूस, आमच्याकडे तेवढी थांब," प्रत्येकानं सांगितलं.

ती बंदरात पोहोचली तेव्हा बोट सुटून गेली होती. प्रवासी तिच्यावरच चिडले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या स्टेशनांनी मिळून मागणी केली, "ही गाडी फारच रेंगाळते. आम्हाला हिच्याहून वेगवान गाडी द्या. फक्त ती आमच्याकडे थांबली पाहिजे."