पलीकडची कणगी

वैशाख वद्य अष्टमी. वारा पडलेला. उन्हाने नदीकाठची वाळू इतकी तापली होती, की तीवर पाय ठेवता येत नव्हता. त्या दुपारी नदीपलीकडची कौलांची मोठी भट्टी खचली. भट्टी पेटलेली नव्हती म्हणून कोणी मेले नाही, पण काम बंद पडले. पावसाळा तोंडावर होता. दिवाळीच्या आत ती भट्टी पुन्हा उभी राहणार नव्हती.

भट्टी रेवणशेटची होती. रेवणशेट नदीच्या अलीकडे राहत असे. त्याचा धंदा तीन राज्यांत पसरलेला होता. भट्टीचे लाकूड डोंगरातल्या राज्यात तुटे. कौले पलीकडच्या राज्यात भाजली जात, कारण चांगली माती तिकडे होती. दुकान मात्र अलीकडच्या राज्यात, शेटच्या घराला लागून.

तिन्ही राज्यांत एक चाल होती. मजुराच्या मजुरीतला थोडा वाटा मालकाने कापायचा, त्यात आपला तेवढाच घालायचा आणि ते धान्य सरकारी कोठारात भरायचे. तिथे प्रत्येक मालकाची वेगळी कणगी असे. काम बंद पडले, की त्याचे मजूर पुन्हा काम मिळेपर्यंत त्या कणगीतून धान्य नेत. अट एकच होती. माणूस ज्या राज्याच्या जमिनीवर राबतो, त्याच राज्याच्या कोठारात त्याचे धान्य पडले पाहिजे. मालक कुठे राहतो, हे कोणी विचारत नसे.

मात्र रीती तीन होत्या. डोंगरातल्या राज्याला दर पौर्णिमेला नाचणी लागे. पलीकडच्या राज्याला दर बाजाराला ज्वारी लागे. अलीकडचे राज्य वर्षातून एकदा, दसऱ्याला, तांदूळ घेई. त्या दिवशी ज्याची कणगी सगळ्यांत जास्त भरे, त्याला राजा भरदरबारात शाल देई आणि पहिल्या रांगेत बसवी.

रेवणशेटने तिन्ही राज्यांतल्या मजुरांचा वाटा कापला. त्यात आपलाही वाटा घातला. मग सगळे धान्य देऊन त्याच्या बदली तांदूळ घेतला आणि तो अलीकडच्या एकाच कोठारात ओतला. एक वर्ष नाही, लागोपाठ पाच वर्षे. पाचही वर्षे शाल त्यालाच मिळाली.

त्याचा मुनीम अंतोबा पहिल्या वर्षी म्हणाला होता, की शेट, पलीकडच्यांची ज्वारी पलीकडेच भरावी लागते.

"धान्य ते धान्य," रेवणशेट म्हणाला. "पोट काय राज्य विचारून भरतं?"

अंतोबा पुन्हा बोलला नाही. दुसऱ्या वर्षापासून त्यालाही एक उपरणे मिळू लागले.

कोणी म्हणेल, रेवणशेटला सीमा कळत नसतील. त्याला त्या चांगल्या कळत होत्या. जकात चुकवायची असली, की पलीकडचे राज्य कुठे संपते आणि अलीकडचे कुठे सुरू होते, हे त्याला नदीच्या मधोमध, होडीत उभे राहूनही बरोबर सांगता येई. स्वतःचे वाचवताना ज्याला रेघ दिसते आणि दुसऱ्याचे भरताना दिसत नाही, त्याला अडाणी म्हणू नये. त्याला दुसरा शब्द आहे.

भट्टीवर सगुणा नावाची बाई कौले थापत असे. नवरा वारलेला. घरी दोन लेकरे आणि म्हातारा सासरा. भट्टी खचली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती रिकामे पोते घेऊन पलीकडच्या राज्याच्या कोठारात गेली. तिला काळजी नव्हती. दर बाजाराला तिच्या मजुरीतून शेरभर ज्वारी कापली गेली होती आणि त्याबद्दल तिने कधी कुरकूर केली नव्हती. हे धान्य असल्याच दिवसांसाठी असते, हे तिला माहीत होते.

कोठारी येसजी तिला एका कोपऱ्यात घेऊन गेला.

"ही तुझ्या शेटची कणगी. घाल हात."

सगुणाने खांद्यापर्यंत हात घातला. तळाशी धूळ होती आणि उंदराच्या लेंड्या होत्या.

तिने विचारले, की मग आमच्याकडून कापलेले कुठे गेले. येसजी म्हणाला, ते मला ठाऊक नाही, इथे आले नाही एवढे मी सांगतो. शेजारी दुसऱ्या मालकांच्या कणग्या भरलेल्या होत्या. सगुणाने तिकडे पाहिले. येसजीने तिच्या नजरेकडे पाहिले.

"त्यातलं कसं देऊ बाई? तेही कुणाच्या तरी लेकरांच्या तोंडचंच आहे."

ते खरे होते, म्हणून ती भांडली नाही. भट्टीबरोबर काम गेलेले आणि आपल्या राज्यात नाचणी न मिळालेले दोन लाकूडतोडे डोंगरातून उतरून आले होते. तिकडची शेटची कणगीही अशीच रिकामी होती. ते रडत बसले. सगुणा होडीत जाऊन बसली. नावाडी तिला म्हणाला, "जा, जा. शेटच्या शालीत किती ज्वारी बांधता येते, तेवढं बघून ये."

रेवणशेट जेवून ओसरीवर बसला होता. सगुणाचे ऐकून तो जराही दचकला नाही. उलट हसला. म्हणाला, एवढेच ना, चल माझ्याबरोबर. तो तिला आपल्या राज्याच्या कोठारात घेऊन गेला. तिथे त्याची कणगी शिगोशीग भरलेली होती. अलीकडे त्याची माणसे दुकानापुरती, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांना कधी काही लागले नव्हते. किड्यांनी पोखरून खालच्या तांदळाचे पीठ झाले होते. ते पीठ भेगांतून गळत होते आणि त्यावर चिमण्या जगत होत्या.

तिथल्या कोठाऱ्याने सगुणाला एकच गोष्ट विचारली.

"काम कुठं करतेस?"

"पलीकडं. भट्टीवर."

"मग ही कणगी तुझ्यासाठी उघडता येणार नाही."

रेवणशेटने आवाज चढवला. त्याने आपल्या पाच शालींची आठवण करून दिली. कोठारी म्हणाला, की शाल तुम्हांला दिली, नियम दिलेला नाही. मग हेच धान्य उचलून पलीकडे नेऊ द्या, असे रेवणशेट म्हणाला. कोठारी म्हणाला, की एकदा पडलेले धान्य राज्याचे. दसऱ्याला तुम्हीच हात जोडून तसे म्हटले होते.

तेव्हा कुठे रेवणशेटचा चेहरा उतरला. तो सगुणाकडे वळला आणि शपथेवर म्हणाला, की मी यातला एक दाणाही घरी नेलेला नाही.

सगुणाने रिकामे पोते खांद्यावर टाकले.

"नेला असता तर बरं झालं असतं, शेट. चोराच्या दारात जाऊन मागता तरी येतं. तुम्ही आमचा घास चिमण्यांना घातलात आणि वर शाल पांघरून बसलात. आमच्या उपाशीपणाचा तुम्हांला मान मिळाला. यापेक्षा खाल्लं असतंत तर निदान कुणाच्या पोटात तरी गेलं असतं."

रेवणशेटने खिशात हात घालून तिला काही द्यायला काढले. तिने ते घेतले नाही. म्हणाली, हे एका दिवसाचे आहे आणि मला एकटीलाच आहे. भट्टीवर आणखी माणसे आहेत.

ती परत नदी ओलांडून गेली. भट्टीवरची सगळी माणसे आणि ते दोन लाकूडतोडे तिने बरोबर घेतले आणि पलीकडच्या राजाच्या वाड्यापुढे जाऊन बसली. राजाला घाई नव्हती. आज या, उद्या या, असे होत राहिले. घरात भाकरी कमी होत गेली. सासरा म्हणू लागला, की या वयात भूकच लागत नाही. तो आपली भाकरी नातवंडांपुढे सरकवत असे. सगुणाला ते कळत होते. लेकरांच्या ताटातली भाकरी काढून त्याला द्यायची, एवढा एकच दुसरा मार्ग होता.

शेवटी राजाने रेवणशेटला बोलावले. रेवणशेट म्हणाला, की मी पाच वर्षे चुकवली नाहीत, सगळे भरले आहे. राजाने विचारले, "कुठे?" रेवणशेटने अंतोबाकडे पाहिले. अंतोबा मुनिमाला विचारले तेव्हा तो म्हणाला, की मी पहिल्याच वर्षी सांगितले होते. राजाने विचारले, की दुसऱ्या वर्षी काय सांगितले. अंतोबाने खांद्यावरचे उपरणे काढून काखेत धरले.

निकाल असा झाला. रेवणशेटने पाच वर्षांची ज्वारी दंडासह पलीकडच्या कणगीत नव्याने भरावी. डोंगरातल्या राज्यानेही आपल्या नाचणीसाठी तोच निकाल दिला. अलीकडच्या राज्याने तांदूळ परत केला नाही. रेवणशेटचे दुकान विकले गेले. पलीकडची माती खणण्याची परवानगी काढून घेतली गेली. अंतोबाला पुन्हा कोणी मुनीम म्हणून ठेवले नाही.

आषाढ शुद्ध त्रयोदशीला कणगी भरली. सगुणाला तिच्या वाट्याची ज्वारी त्याच संध्याकाळी मिळाली. सासरा दशमीला वारला होता.

तात्पर्य: ज्याने जिथे घाम गाळला, त्याचा वाटा तिथेच भरला पाहिजे. दुसऱ्याचा घास आपल्या मानासाठी भलत्या दारात ओतणारा दानशूर नव्हे; तो चोराहून वाईट.