राणीचा आग्रह

या, पांघरुणात शिरा. पाय आत घ्या. आणि भूक लागली असं कुणी म्हणायचं नाही हं, आत्ताच पाटावरून उठलात. हं, तर ऐका.

एक राजा होता. उदयसेन त्याचं नाव. आणि त्याची राणी होती गिरजा. गोष्ट राजाची नाही बरं का, राणीची आहे.

गिरजा राणीच्या माहेरी एक रीत होती. पाहुणा पाटावर बसला की त्याला सहज उठू द्यायचं नाही. तो "नको" म्हणाला की दोन पोळ्या वाढायच्या. "पुरे" म्हणाला की चार. तो भिंतीला धरून उठला, तरच यजमानीण खूश. तिची आई म्हणायची, "पोटभर जेवला? म्हणजे उपाशीच राहिला की गं!" अशा घरातली ती लेक.

आणि राजा कसा? ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वाटीभर ताक, वर एखादा पेरू. तेवढं झालं की पानावर हात आडवा. राणी म्हणायची, "अहो, माझी शपथ, एवढं तरी!" राजा हसायचा नि हात धुवायला उठायचा. राणीला वाटायचं, याला माझं रांधणं आवडत नाही, म्हणजे मीच आवडत नाही. ती आत जाऊन डोळे पुसायची. वेडी कुठली!

एकदा काय झालं, दारात एक म्हातारी आली. केस पांढरे, पण डोळे कसे लखलखीत. राणीनं तिला पाटावर बसवलं, पोटभर जेवू घातलं. म्हातारी म्हणाली, "पोरी, जीव निवला. माग काय हवं ते."

राणी म्हणाली, "आजी, माझ्या हातचं कुणी नको म्हणू नये."

म्हातारीनं मान हलवली. म्हणाली, "दुसरं माग. सोनं माग."

"सोनं आहे."

"मग नवऱ्याला उदंड आयुष्य माग."

"ते मी देवीपाशी रोजच मागते. मला हेच हवं."

"बघ हं पोरी. नक्की?"

"नक्की."

मग म्हातारीनं राणीच्या उजव्या हातावर फुंकर घातली आणि डोंगराकडे निघून गेली.

त्याच दिवशी राणीनं भाकरीच्या जागी पुऱ्या केल्या. टम्म फुगलेल्या. राजानं दोन खाल्ल्या नि हात आडवा धरला. तर काय! हात आपोआप बाजूला सरकला. "नको" म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, "वाढ!" राणीला असा आनंद झाला म्हणून सांगू. मग ताकाच्या जागी बासुंदी आली. मग पेरूच्या जागी जिलबी आली. काय रे, जिलबी म्हटल्यावर डोळे उघडले! मिटा आधी.

राजाराणीला एक मुलगी होती, रेवा. बाबांच्या खांद्यावर बसून ती रोज तटावर जायची आणि तिथून नदी बघायची. मग काय झालं, राजाचं अंग सुटलं. आधी त्याचं घोड्यावर बसणं बंद झालं. मग तटावर चढणं बंद झालं. रेवा हात धरून ओढायची, "बाबा, चला ना!" राजा म्हणायचा, "उद्या हं, बाळ." तो उद्या काही येईना. मग राजाच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. मग डोळ्यांपुढे धुकं आलं. भर दुपारी विचारायचा, "दिवे का नाही लावले?"

वैद्यबुवा आले. नाडी बघितली, डोळे बघितले. राणीला बाजूला घेऊन म्हणाले, "राणीसाहेब, हे तळलेलं आणि हे गोडधोड थांबवा. नाहीतर राजे आपल्या हाती लागायचे नाहीत."

राणीनं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. किती उशिरा कळलं! रोज तो माणूस हात आडवा धरत होता आणि ती हसत वाढत होती.

मग तिनं कोठीला कुलूप घातलं. राजानं गुपचूप सरदाराच्या घरून पेढे मागवले. जीभ चटावली होती ना त्याची! मग तिनं आचाऱ्याला भाकरी वाढायला लावली. आता आचाऱ्याच्या हाताला काही वर नव्हता. राजानं ताट ढकललं. खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी! मग राणी खोलीत जाऊन बसली. म्हणाली, मी वाढणारच नाही, म्हणजे प्रश्न मिटला. तर राजा म्हणाला, "गिरजेनं वाढल्याशिवाय मी जेवायचा नाही." आणि खरंच जेवेना.

आता काय करावं? राणी अनवाणी डोंगर चढली. काटे लागले, ठेचा लागल्या. वर एका झोपडीत ती म्हातारी चुलीपुढे बसली होती. राणीनं तिच्या पायांवर लोळण घेतली. "आजी, तुमचा वर परत घ्या हो. माझ्या हातानं माझंच घर बुडतंय."

म्हातारी म्हणाली, "दिलेला वर परत घेता येत नाही, पोरी. पण मला एक सांग. तुझ्या हातचं कुणी नको म्हणणार नाही, एवढंच मी बोलले. ताटात पुरी वाढ, असं मी म्हटलं होतं का?"

राणीला उमगलं. मग पदरानं डोळे पुसले आणि धावत डोंगर उतरली.

घरी आल्या आल्या तिनं परात ओढली आणि स्वतः भाकऱ्या थापल्या. पुरीच्या जागी भाकरी. बासुंदीच्या जागी जिरं घातलेलं ताक. जिलबीच्या जागी पेरूची फोड, वर कणभर मीठ. राजानं बोटांनी चाचपून बघितलं आणि कारलं चावल्यासारखं तोंड केलं. "नको" म्हणायला गेला, आणि बाहेर आलं, "वाढ!" राणीला पूर्वी त्या शब्दानं हसू यायचं. आता रडू आलं.

रोज तसंच. भज्यांच्या जागी वाफवलेली कोथिंबीर वडी. सणाला साखरेच्या लाडवाच्या जागी दाण्याचा नि खजुराचा लाडू, तोही लिंबाएवढा एकच. सुगरणच ती, चव काय कमी असणार! हळूहळू राजाची जीभ त्या चवीकडे वळली. मग अंग हलकं झालं. पायांच्या मुंग्या गेल्या. आधी काठी धरून, मग काठीशिवाय, राजा अंगणात फिरू लागला. सगळ्या नगरानं गुढ्या उभारल्या.

पण डोळे, बाळांनो, डोळे काही परत आले नाहीत. वैद्यबुवा म्हणाले, "जीव वाचला, राणीसाहेब. गेलेली नजर मला आणता यायची नाही."

मग दिवस गेले, वर्षं गेली. रेवाचं लग्न ठरलं. मोठा मांडव उभारला. पंगती बसल्या. आता रीत अशी की यजमानीण बाईनं पंगतीत फिरायचं नि हौसेनं वाढायचं. गिरजा राणी फिरली, पण हात पदरात गुंडाळून. वाढपी ज्याला हवं त्याला वाढत होते, नको म्हणेल त्याला सोडून पुढे जात होते. व्याही मंडळी कुजबुजली, "एवढी मोठी राणी, पण हात किती आखडता!" राणीनं ऐकलं. तिच्या माहेरची माणसंही खाली मान घालून बसली होती.

ती राजाजवळ जाऊन बसली. राजा म्हणाला, "गिरजे, रेवा कशी दिसते गं?"

राणीनं सांगितलं, "हिरवा शालू आहे. कपाळाला मुंडावळ्या आहेत. हसताना गालावर खळी पडते, अगदी तुमच्यासारखी." मग तिला राहवेना. ती म्हणाली, "माझ्या हातानं गेली हो तुमची नजर. तुम्ही आज लेक बघायला हवी होती."

राजानं तिचा हात चाचपून धरला. उजवाच. म्हणाला, "हो गं. बघायला हवी होती मी." मग म्हणाला, "मुंडावळ्या मोत्यांच्या की फुलांच्या?"

"मोत्यांच्या."

"आणि शालूचे काठ?"

राणी सांगत राहिली, राजा ऐकत राहिला. रेवा सासरी निघेपर्यंत ती सांगतच होती. पुढे ती दोघं खूप वर्षं जगली. राजाला जे जे दिसत नव्हतं, ते ते राणी रोज त्याच्याजवळ बसून सांगायची. तशी सुखात होती म्हणायची.

झाली गोष्ट. राणी निजली, राजा निजला, चूलही विझली. तुम्हीही निजा आता, गप्पगार.