लेबल हरवलेली बाटली

बाटल्या अजून एकमेकींशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका शाळेच्या प्रयोगशाळेत एका बाटलीचं लेबल गळून पडलं. आतलं द्रावण पाण्यासारखं नितळ, त्यामुळे ती कोण हे कुणालाच कळेना. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "सुट्टीनंतर ही बेसिनमध्ये ओतून टाकू."

बाटली रडकुंडीला आली. शेजारची परीक्षानळी म्हणाली, "अगं, आपण शोधून काढू. दे माझ्यात चार थेंब."

नायट्रिक आम्ल ऐटीत पुढे आलं. "कार्बोनेट असशील तर फसफसशील," म्हणत त्याने एक थेंब टाकला. एकही बुडबुडा आला नाही. नळीने स्वतःला धुऊन नवे थेंब घेतले. आता बेरियम क्लोराइड म्हणालं, "सल्फेट असशील तर पांढरा साका जमेल." पण द्रावण नितळच राहिलं.

"नुसतं पाणी आहे हो ही!" आम्ल म्हणालं आणि सगळं कपाट हसलं.

उजेड सोसत नाही म्हणून मागे राहणारी सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली तेवढी हसली नाही. "मला विचारू द्या," ती म्हणाली. नळी पुन्हा धुतली गेली. नव्या थेंबांत तिचा एक थेंब पडताच दह्यासारखा पांढरा साका जमला.

"क्लोराइड! तू क्लोराइड आहेस गं!" नळी आनंदाने किणकिणली.

बाई परतल्या, नळीतला साका आणि शेजारची तपकिरी बाटली बघून हसल्या आणि त्यांनी बाटलीला 'क्लोराइड' असं नवं लेबल लावलं.

"मघाशी आम्ही विचारलं तेव्हा गप्प का बसलीस?" आम्लाने तिला विचारलं.

"गप्प कुठे?" बाटली खुदकन हसली. "तुम्हा दोघांनाही मी 'नाही' असं खरं उत्तर दिलं होतं की!"