न दिलेला पुरस्कार परत घेण्याबाबत

एका जंगलात यंदाचा साहित्य पुरस्कार यमुनाबाई साळिंदर यांना मिळाला. छे, मिळाला नाही. असा पुरस्कारच नव्हता. लोक काहीही बोलतात.

तर त्या जंगलात एक तळं होतं आणि तळ्यात मगरशेठ होते. तळं पूर्वी सगळ्यांचं होतं. शेठनी त्याला कुंपण घातलं, आणि जंगल तहानलेलं राहू नये म्हणून काठावर साहित्य प्रतिष्ठान काढलं. परीक्षक म्हणून वाळवी नेमली. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत संपवणारं दुसरं होतंच कोण?

यमुनाबाईंनी 'आमचं तळं' लिहिलं. कुंपणाआधी तिथे कोण कोण पाणी प्यायचं, ते सगळं त्यात होतं. त्यांनी दोन प्रती पाठवल्या. निरोप आला, परीक्षकांना आणखी हव्यात.

"बघ गं, वेडे झालेत नुसते!" बाई शेजारच्या घुशीला म्हणाल्या आणि गठ्ठा पाठवला. पुन्हा मागणी आली. बाईंचे काटे आनंदाने फुलले. त्यांनी अख्खी आवृत्ती पाठवून दिली, घरातली सहीची प्रतसुद्धा.

सकाळी निकाल लागला. एकमताने! दुपारी जेवताना शेठनी सहज विचारलं, "पुस्तक आहे कशावर?"

"तळ्यावर," परीक्षक मंडळाच्या अध्यक्षा तोंड पुसत म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही ते कसं लाटलंत, त्यावर. फार खुसखुशीत!"

शेठच्या तोंडातला मासा सुटून गेला.

संध्याकाळी प्रतिष्ठानचे सचिव बगळेसाहेब यमुनाबाईंच्या दारात एका पायावर उभे. "बाई, अभिनंदन! तुम्हाला पुरस्कार मिळालेला नाही. पाठ्यवृत्ती मिळाली आहे. तीन वर्षं रोज पाटीभर रताळी. ही आजची पाटी. फक्त लिहायचं नाही. चिंतन करायचं."

"आणि माझं पुस्तक?"

"कुठलं पुस्तक? एक प्रत दाखवा, आत्ता पुरस्कार देतो."

बाईंनी बीळ उपसलं. मुखपृष्ठाचा तुकडाही सापडेना. धावत जाऊन त्यांनी समोरच्या सशाला दारात आणलं. "भाऊजी, तुम्ही वाचलंय ना? सांगा की यांना!"

"वहिनी, मी त्याच्यावर तासभर बोललो होतो," ससा कान पाडून म्हणाला. "वाचायचं तेवढं राहिलं."

"आणि तळं सगळ्यांचं होतं, ते?"

"तळं पूर्वी नव्हतंच," बगळेसाहेबांनी पाय बदलला. "शेठ आले, ते येताना पाणी घेऊन आले."

सशाने मान डोलावली. त्याला ते आठवायलासुद्धा लागलं.

यमुनाबाईंनी रताळ्यांची पाटी दाराबाहेर सरकवली, पाठीवरचा एक काटा उपटला आणि लिहायला बसल्या.

"मा. अध्यक्ष, साहित्य प्रतिष्ठान, यांस सविनय अर्ज. आपण मला न दिलेला पुरस्कार मी निषेध म्हणून परत करत आहे. तरी तो स्वीकारून, 'आमचं तळं या पुस्तकाचा पुरस्कार परत मिळाला' अशी पोच सही-शिक्क्यानिशी देण्यात यावी, ही नम्र विनंती."