निब आणि हरताळ

विषय : बंदी भागूजी ठोसर याची फाशी.

संदर्भ : ती ठोठावणारे निवृत्त सत्र न्यायाधीश त्र्यंबकराव साठ्ये यांनी नदीकाठच्या मठात निरंजनबुवांकडे केलेली विचारणा.

“चूक माझी कशी, बुवा? पुरावा समोर आला, तसा मी निकाल दिला.”

“मग इथे कशाला आलात, रावसाहेब?”

उलट प्रश्न त्र्यंबकरावांना खपत नसे. कोर्टात तशी कुणाची छाती नव्हती. तरी त्यांनी सांगितलं. भागूजीवर शाबीत झालेला खून आपण केला, असं गेल्या महिन्यात दुसऱ्याच माणसानं मरताना कबूल केलं होतं. भागूजीची बायको दयेचा अर्ज घेऊन त्र्यंबकरावांच्या दारात उभी होती. खुद्द न्यायाधीशाचं पत्र सोबत जोडलं, तर अर्जाला वजन येईल, असं वकिलाचं म्हणणं.

“शेकडो निकाल दिले मी. एखादा चुकायचाच.”

“भागूजी किती वेळा मरणार?”

“...एकदाच.”

बुवा पोथीची नक्कल करत होते. चुकलेल्या अक्षरावर त्यांनी हरताळाचा पिवळा लेप दिला, वाळू दिला आणि वर नवं अक्षर काढलं.

त्र्यंबकरावांना विषय बदलायला निमित्त मिळालं.

“एका पानात पाच चुका? असला कारकून मी घरी बसवला असता.”

“सात आहेत. हात माणसाचा आहे.”

“आमच्यात असलं चालत नाही. फाशी लिहिली की न्यायाधीश निब मोडतो. जुनी रीत. मीही मोडली.”

“का?”

“लिहिलेलं पुन्हा बदलू नये म्हणून.”

“निबेवर आरोप काय होता?”

त्र्यंबकराव हसले. बुवा हसले नाहीत.

“आणि हरताळ कुठे ठेवता?”

त्र्यंबकरावांनी कागद मागून घेतला. एक ओळ लिहून पुढे केली. बुवांनी मोठ्यानं वाचली, “सदर प्रकरणी चूक झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.”

आणि कागद परत दिला.

“तीस वर्षांची सवय,” त्र्यंबकराव पुटपुटले. त्यांनी कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, ‘चूक माझी आहे. या माणसाला मारू नका.’ खाली पूर्ण नावानं सही केली.

“माझी अब्रू जाईल, बुवा.”

“जाऊ द्या. ती परत येऊ शकते.”

पत्र जोडून अर्ज त्याच दिवशी रवाना झाला. भागूजी ठोसर कोठडीत आहे. अर्ज विचाराधीन आहे.